पट्ट्यातले तूस : राहनाळमधल्या एका विजेच्या घड्याळाचा मागोवा

मागचा धागा मनोऱ्यांवरच्या घड्याळांविषयी होता. त्याखाली अनेकांनी सुचवले, की आता मनगटावरच्या घड्याळांकडे या. आले आहे, मात्र आरंभ यंत्रापासून न करता पट्ट्यापासून करते. धागा लांबणार आहे. ज्यांना केवळ 'पहिले विजेचे घड्याळ कोणते' एवढेच जाणून घ्यायचे असेल, त्यांना उत्तर मध्यावर कुठेतरी सापडेल.

घड्याळांचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शोध कोणी लावला, पेटंट कोणत्या साली मिळाले, दिवसाला किती सेकंदांची चूक होते. पट्टा या इतिहासात फारसा येत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. पट्टा झिजतो, कुजतो, तुटतो, बदलला जातो. हौशी संग्राहक जुने घड्याळ विकत घेतात आणि पहिल्याच दिवशी त्याचा जुना पट्टा काढून फेकतात. मला ही सवय खटकते. यंत्रावरून कारखाना कळतो. ते घड्याळ कोणी, कुठे आणि कोणत्या कामात वापरले, हे कळायचे असेल तर कातडीला लागून जे राहिले ते पाहावे लागते.

घड्याळ खिशातून मनगटावर आले तेही पट्ट्यामुळेच. बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश सैनिक खिशातले घड्याळ चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधत. पहिल्या महायुद्धात, दोन्ही हात मोकळे हवेत आणि वेळही डोळ्यांपुढे हवी अशी निकड आल्यावर, घड्याळाच्या डबीलाच दोन बाजूंना तारेचे आकडे डाखले गेले आणि त्यांतून पट्टा ओवला गेला. या घडामोडींपासून मुंबई दूर नव्हती. फाव्र-ल्युबा ही स्विस पेढी १८६५पासून मुंबईत होती. 'वेस्ट एंड वॉच कंपनी' १८८६मध्ये मुंबईतच उभी राहिली आणि तिची घड्याळे हिंदी सैन्याबरोबर मेसोपोटेमियापर्यंत गेली. त्याच मोहिमेत कूटच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच.

चामड्याच्या पट्ट्याचा खरा शत्रू मात्र तोफगोळा नसून घाम होता. कोकणपट्टीतल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. जूनमध्ये चामडे ओले होते, ऑगस्टात त्याला बुरशी येते, ऑक्टोबरच्या उन्हात ते तडकते. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये 'बॉनक्लिप' नावाचा पोलादी पट्टा निघाला. बांबूच्या कांड्या शेजारी शेजारी विणाव्यात तसा तो दिसे. तो कुजत नसे आणि कोणत्याही मनगटाला बसे, म्हणून ब्रिटिश हवाई दलातही वापरला गेला. त्यानंतर आला तो आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातांवर पाहिलेला, ताणला की रुंदावणारा आणि सोडला की मिटणारा पट्टा. आपल्याकडे त्याला साधे नाव आहे : स्प्रिंगचा पट्टा. मनगटावरचा केस त्यात सापडून उपटला गेला की डोळ्यांत पाणी कसे येते, हे ज्यांनी तो वापरला त्यांनाच विचारावे.

या पट्ट्याची सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे स्पायडेल कंपनीने १९५९मध्ये अमेरिकेत आणलेला 'ट्विस्ट-ओ-फ्लेक्स'. स्पायडेल घराणे मूळचे जर्मनीतल्या फोर्झहाइमचे. दागिने घडवणाऱ्यांचे ते गाव, आणि ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे एक माहेरघर. रचना पाहण्याजोगी आहे. पोकळ चपट्या कड्यांच्या दोन रांगा, एकीवर एक, पण अर्ध्या कडीने सरकवलेल्या. वरच्या कडीला खालच्या दोन कड्यांशी जोडणारे अगदी लहान आकडे. आणि प्रत्येक कडीच्या पोटात कागदाइतक्या पातळ पोलादाची एक वाकवलेली पट्टी, तीच स्प्रिंग. पट्टा ताणला की कड्या कलंडतात आणि पट्ट्या दाबल्या जातात. जाहिरातीत या पट्ट्याला चक्क गाठ मारून दाखवीत. आपल्या कामाची गोष्ट अशी, की प्रत्येक कडी पोकळ असते, आणि पोकळीत काही ना काही साचत राहते.

हे सारे सांगण्याचे निमित्त एका विशिष्ट पट्ट्याचे आहे. आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना घरात सगळेच तात्या म्हणत, त्यांचा तो.

आमचे गाव राहनाळ, भिवंडीला लागून. आज अंजूरफाट्याहून आत वळले, की दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छपरांची गोदामे लागतात. मुंबईची जकात चुकवून माल उतरवण्याजोगी ही जागा, म्हणून गोदामे आली. त्याआधी इथे भातशेती होती आणि शहराकडे यंत्रमागांचे कारखाने होते. तात्या तरुणपणी बोटीवर खलाशी होते. बोट सोडल्यावर ते भिवंडीत मागावर लागले आणि जॉबर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे एक घड्याळ होते. त्या घड्याळावरून गावात एक वाक्य तीन पिढ्या फिरत आहे : 'तात्याने चोरटा माल आणला, त्यावर घर उभे राहिले.' मागच्या वर्षी घरातल्या एका लग्नाच्या बोलणीत ते वाक्य पुन्हा निघाले, हसत हसत, पण निघाले. तात्यांची मुलगी, म्हणजे माझी आत्या, त्या रात्री घड्याळाची डबी घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "तू इतिहास शिकतेस ना? मग एकदाचं काय ते सांग."

डबीत घड्याळ होते, पट्टा होता, आणि एका छोट्या कागदी पुडीत पट्ट्याच्या तीन सुट्या कड्या होत्या.

घड्याळ प्रथमदर्शनी विचित्र वाटते, कारण त्याला चावीच नाही. उजव्या बाजूला जिथे आपली बोटे आपोआप जातात, तिथे नुसती गुळगुळीत कड. मागे पाहिले तर डबीच्या पाठीवर घडी करून बसवलेली एक मूठ. ती उभी करून फिरवली की काटे सरकतात. शेजारी नाण्याच्या कडेने उघडणारे एक गोल झाकण, त्याखाली सेलची जागा. तबकडीवर बुलोव्हाचे नाव आणि नादकाट्याची छोटी आकृती. हे 'अ‍ॅक्युट्रॉन'. घड्याळांच्या इतिहासात ज्यांना रस आहे, त्यांना हे नाव वाचून आता खुर्चीत सावरून बसावेसे वाटेल. मलाही वाटले होते.

थोडे मागे जाऊ. मनगटी घड्याळ विजेवर चालवण्याची पहिली जाहीर घोषणा मार्च १९५२मध्ये झाली. अमेरिकेतली एल्जिन आणि फ्रान्समधली लिप या दोन कंपन्यांनी मिळून नमुने दाखवले. प्रत्यक्ष बाजारात पहिली आली ती हॅमिल्टन, ३ जानेवारी १९५७ रोजी. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टरची ही कंपनी. तिच्या घड्याळात पुढे-मागे डोलणारे बॅलन्स व्हील जुन्या घड्याळांसारखेच होते. फरक असा, की त्याला मुख्य स्प्रिंगने नव्हे तर विजेने ढकलायचे. चाकावर तारेचे वेटोळे, खाली कायमचे चुंबक. चाक डोलले की केसासारख्या बारीक तारा क्षणभर एकमेकींना टेकत, प्रवाह वाहे, चाकाला धक्का मिळे. रिचर्ड आर्बिब यांनी त्यासाठी 'व्हेंचुरा' हे तिरक्या ढालीच्या आकाराचे रूप रेखाटले आणि पुढे एल्व्हिस प्रेस्लीने ते चित्रपटात मनगटावर मिरवले. रूप टिकले, यंत्राने मात्र मनस्ताप दिला. बारीक तारा वाकत, टेकण्याच्या जागी ठिणगीने खड्डे पडत, आणि गावोगावच्या घड्याळजींना हे नवे कलम दुरुस्त कसे करावे ते ठाऊक नव्हते. हॅमिल्टनने १९६१मध्ये सुधारलेले यंत्र आणले आणि १९६९मध्ये हा मार्गच सोडला. लिपचे विजेचे घड्याळ १९५८मध्ये विक्रीस आले. त्याच लिपच्या बेझान्सोंमधल्या कामगारांनी १९७३मध्ये कारखाना ताब्यात घेऊन स्वतःच घड्याळे बनवली आणि विकली. तो एक स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. मुंबईच्या १९८२च्या गिरणी संपाशेजारी ठेवून एकदा वाचायला हवा.

अ‍ॅक्युट्रॉनने प्रश्नच बदलला. माक्स हेट्झेल या स्विस अभियंत्याचा विचार साधा होता : डोलणारे चाकच नको. त्याऐवजी एक सूक्ष्म नादकाटा, ज्याची दोन्ही टोके चुंबकांची आणि भोवती तारांची वेटोळी. ट्रान्झिस्टर योग्य क्षणी प्रवाह सोडतो आणि नादकाटा सेकंदाला ३६० वेळा कंप पावत राहतो. मनगटी घड्याळात ट्रान्झिस्टर येण्याची ही पहिलीच वेळ. नादकाट्याच्या एका भुजेला रत्नाचे टोक असलेली बारीक सळई, आणि ती ढकलते एका चाकाला. त्या चाकाचा व्यास सुमारे २.४ मिलिमीटर, आणि त्यावर दाते ३००! भिंगातून पाहिले तरी ते दात्यांऐवजी नुसती चकाकी वाटतात. २५ ऑक्टोबर १९६० रोजी हे घड्याळ जाहीर झाले, महिन्याला एक मिनिटाच्या आत चूक राहील अशी हमी घेऊन. त्या काळी दिवसाला काही सेकंद पुढे-मागे होणे चांगल्या घड्याळालाही शोभत असे.

या घड्याळाचा आवाज 'टिकटिक' नसतो. ते गुणगुणते. आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवर मी तो सूर शोधला : काळी तीनच्या किंचित खाली. गणित तेच सांगते, कारण काळी तीन मधल्या सप्तकात ३७० कंपनांची आणि हा नादकाटा ३६०चा.

अ‍ॅक्युट्रॉनचे राज्य फार टिकले नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सैकोने 'अ‍ॅस्ट्रॉन' विक्रीस ठेवले. क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ, किंमत ४,५०,००० येन, म्हणजे जवळपास एका लहान मोटारीएवढी. पुढच्या काही वर्षांत क्वार्ट्झ इतके स्वस्त झाले, की १९७७च्या सुमारास अ‍ॅक्युट्रॉनचा नादकाटा थांबला.

आता हा जागतिक कालक्रम राहनाळच्या मनगटांवर लावून पाहा. तो बसत नाही. १९६१मध्ये बंगळूरात एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवण्यास आरंभ केला, ती चावीची. 'जनता' हे नाव ज्या घड्याळाने सार्थ केले, तेही रोज चावी द्यायचेच. सेलवरची घड्याळे सर्वसामान्य घरांत शिरली ती १९८०च्या दशकात. टाटा समूह आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४मध्ये टायटन स्थापन केली आणि १९८७पासून तिची क्वार्ट्झ घड्याळे दुकानांत दिसू लागली. म्हणजे आमच्याकडे चावीनंतर थेट क्वार्ट्झ. मधला सगळा टप्पा, ज्यात हॅमिल्टनच्या तारा वाकल्या आणि अ‍ॅक्युट्रॉन गुणगुणले, तो आपल्या सर्वसामान्य ग्राहकाने पाहिलाच नाही. ज्याने पाहिला, त्याने तो देशाबाहेरून आणलेला पाहिला. आणि बाहेरून आलेले घड्याळ या गोष्टीला त्या काळी एक कायदेशीर अर्थ होता.

१९६२च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम १२३ वाचण्याजोगे आहे. फौजदारी न्यायाचा आपल्या अंगवळणी पडलेला नियम असा, की आरोप करणाऱ्याने सिद्ध करावे. हे कलम तो नियम उलटवते. माल चोरटा असल्याच्या वाजवी समजुतीने अधिकाऱ्याने तो जप्त केला, तर तो चोरटा नाही हे ज्याच्याकडे सापडला त्याने सिद्ध करायचे. हे कोणकोणत्या वस्तूंना लागू, त्याची यादी कलमातच आहे. तिच्यात सोने आहे, आणि घड्याळे आहेत. ट्रान्झिस्टर रेडिओ, कापड, अत्तरे ही नावे अधिसूचनेने जोडता येतील, पण घड्याळ खुद्द कायद्याच्या मजकुरात आले. मनगटावर बांधण्याची ही एवढीशी वस्तू सोन्याच्या पंक्तीला बसली, कारण ती लहान होती, महाग होती, आणि अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर रात्रीच्या रात्री शेकड्यांनी उतरवता येत होती. साठ-सत्तरच्या दशकांतली मुंबई आणि कोकणचा किनारा यांच्या चोरट्या व्यापाराच्या कथा तुम्ही चित्रपटांतून पाहिल्याच आहेत. १९७४मध्ये त्यासाठी स्थानबद्धतेचा वेगळा कायदाही आला.

आत्या सांगते, आणीबाणीच्या काळात तात्यांनी पट्टा आणि घड्याळ वेगवेगळे केले. घड्याळ तांदळाच्या डब्यात गेले. पट्टा खुंटीवर राहिला, कारण नुसता पट्टा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. या आठवणीचा गावातल्या वाक्याने पुढे पुरावा केला : लपवले, म्हणजे चोरटे.

घड्याळाच्या पाठीवर 'एम७' अशी खूण आहे. बुलोव्हाच्या पद्धतीत 'एम' म्हणजे साठचे दशक. तेव्हा हे घड्याळ १९६७चे. तात्यांची खलाशी म्हणून सेवापुस्तिका आत्याकडे आहे. १९६६ ते १९७१ या काळातल्या नोंदी, प्रत्येक वेळी मुंबईत रुजू, मुंबईत मुक्त. तेव्हा १९६७चे घड्याळ खलाशाच्या हाती येणे काळाच्या दृष्टीने अगदी सरळ आहे. पण या पुस्तिकेत बोटीने मधे कोणती बंदरे घेतली त्याचा रकानाच नाही. प्रवासाचे स्वरूप : 'परदेश'. बस्स. कोणत्या बंदरात, कोणत्या दुकानात, किती डॉलर मोजून घेतले, मुंबईला उतरताना दाखवले का, शुल्क भरले का, याविषयी कागद मुका आहे. त्याच पानांवर 'कामातील कौशल्य' आणि 'वर्तन' असे दोन रकाने आहेत. प्रत्येक प्रवासाखाली दोन्हींत एकच शिक्का, इंग्रजीत : अतिशय चांगले. त्या शिक्क्याकडे मी बराच वेळ पाहत राहिले. वर्तनाचे प्रमाणपत्र देणारे आणि घड्याळाचे प्रमाण मागणारे सरकार एकच होते.

कागद संपल्यावर मी पट्ट्याकडे वळले.

पट्टा स्प्रिंगचा, वर वर्णिलेल्या ट्विस्ट-ओ-फ्लेक्सच्या रचनेचा, पोलादी. भिंगाखाली धरून दोन्ही हातांनी हलकेच ताणला. कड्या कलंडल्या आणि प्रत्येकीच्या फटीत काहीतरी राखाडी, घट्ट बसलेले दिसले. टाचणीने एका कडीतले थोडे बाहेर काढले. तूस होते, कापसाचे. वर्षानुवर्षांच्या घामाने आणि ताण्याला लावलेल्या कांजीच्या भुकटीने त्याची कडी भरून नमद्यासारखी वडी झाली होती. ज्यांनी यंत्रमागाचा कारखाना आतून पाहिला आहे, त्यांना हे तूस परिचित आहे. ते पंख्यांच्या पात्यांवर, भिंतींवरच्या तारांवर, माणसांच्या भुवयांवर बसते. एकेका कडीत ते दोन थरांनी होते आणि खालचा थर अधिक काळा. म्हणजे हे घड्याळ तांदळाच्या डब्यात जन्मभर पडून नव्हते. ते मागावर होते, वर्षानुवर्षे, उघड्यावर.

चोरटा माल म्हणून ज्याची धास्ती आहे, ते घड्याळ कोणी दोनशे माणसांच्या कारखान्यात रोज मनगटावर घालून जाईल का? हा युक्तिवाद मला मोह घालतो. तो पुरावा नव्हे, हेही मला शिकवले गेले आहे.

पट्ट्याच्या निवडीत मात्र शंकेला जागा नाही. जॉबर चालत्या मागात हात घालतो. बकल लावलेला चामड्याचा पट्टा कशात अडकला तर हातासकट ओढतो; स्प्रिंगचा पट्टा ताणतो आणि मनगटावरून निसटतो. तात्या म्हणत, असे आत्याला आठवते, की घड्याळ गेले तर जाऊ दे, हात राहतो. पुडीतल्या तीन कड्याही याच पट्ट्याच्या. मनगट बारीक होत गेले तशा त्यांनी एकेक करून काढल्या आणि जपून ठेवल्या. तीनही कड्यांतले तूस कमी आहे, म्हणजे त्या तूस पुरते साचण्याआधी, मागावरच्या पहिल्या काही वर्षांतच निघाल्या असाव्यात. बोटीवरून उतरलेला भरल्या अंगाचा माणूस मागावर लागल्यावर किती लवकर वाळला, याचे इतके नेमके मोजमाप मला दुसऱ्या कोणत्याही साधनात मिळाले नसते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरे तर हा धागा लिहायला घेतला.

साधा यंत्रमाग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा फेकतो आणि प्रत्येक फेकीला लाकडावर लाकूड आपटते. असे चाळीस-पन्नास माग एका छपराखाली. माणसे तिथे ओठ पाहून बोलतात. या गोंगाटाने कान जातात, पण एकदम आणि सगळे जात नाहीत. आधी उंच, तीक्ष्ण ध्वनी जातात, ४,००० हर्ट्झच्या आसपासचे. खालचे स्वर पुष्कळ काळ टिकतात. घड्याळाची टिकटिक ही बहुतांशी उंच, बारीक ठोक्यांची. निवृत्त होताना कार्यालयातून... नव्हे, मुलाच्या पहिल्या पगारातून तात्यांना एचएमटी मिळाले होते. ते त्यांनी कानाशी धरले, चालत नाही असे म्हणाले, आणि परत दिले. ते चालत होते. घरात सगळ्यांनी ऐकले, त्यांना ऐकू आले नाही.

अ‍ॅक्युट्रॉनचे ३६० हर्ट्झ मात्र त्यांना ऐकू येत. रात्री जेवण झाल्यावर ते घड्याळाची पाठ कानामागच्या हाडावर टेकवून डोळे मिटून बसत. घरातल्या मुलांना वाटे, तात्या घड्याळाशी बोलतात. आजी त्यांच्यावर रागवे. मुले झोपली की ते घड्याळ पत्र्याच्या डब्यावर ठेवत. रिकाम्या डब्यामुळे ती गुणगुण मोठी होते, हे बहुधा बोटीवरच कोणी त्यांना दाखवले असावे. बंद कारखान्याच्या दिवशीही ज्यांच्या कानांत मागच चालू असत, अशा माणसाला जगातला जो एक लहान, स्थिर आवाज उरला होता, तो या घड्याळाचा होता. पट्टा बदलला, सेल मिळेना, तरी त्यांनी ते विकले नाही. सत्तरच्या दशकात एका व्यापाऱ्याने त्याचे चांगले पैसे देऊ केले होते, असे आत्या सांगते. तेव्हा घरावर पत्रे घालायचे होते. तात्यांनी पत्रे उधारीवर घातले.

'घड्याळावर घर उभे राहिले' या वाक्याचे, माझ्या मते, इथेच उत्तर आहे. घड्याळ विकलेच गेले नाही. ते या डबीत आहे.

ते थांबले कसे, तेही सांगायला हवे, कारण यातही इतिहास आहे. अ‍ॅक्युट्रॉनचा सेल पाऱ्याचा, १.३५ व्होल्टचा; पाऱ्याच्या सेलचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो, आणि नादकाट्याला तेच हवे असते. तात्या तो मुंबईहून, फोर्टातल्या दुकानांत फिरून आणत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे पुढे हे सेल जगभर बंद होत गेले; अमेरिकेत १९९६मध्ये कायदाच झाला. आज त्या जागी बसणारा सेल १.५५ व्होल्टचा मिळतो. तो घातला की नादकाट्याचे आंदोलन गरजेपेक्षा मोठे होते, सळई एका वेळी एकाऐवजी दोन दाते ढकलते, आणि घड्याळ सुसाट पुढे धावते. तात्यांच्या अखेरच्या वर्षांत कोणीतरी हौसेने असाच सेल घालून दिला होता. गुणगुण पुन्हा सुरू झाली, वेळ मात्र भलतीच. त्यांनी तक्रार केली नाही. वेळ पाहायला भिंतीवर दुसरे घड्याळ होते.

मी ते एका जाणत्या कारागिराकडे नेले आहे. तो सेलला छोटा डायोड जोडून दाब कमी करणार आहे. पट्टाही दे, म्हणाला, यंत्रात टाकून लख्ख करून देतो, दहा मिनिटांचे काम. पट्टा मी दिला नाही.

आत्याला मी काय सांगितले? जे आहे तेच. घड्याळ १९६७चे, तात्या तेव्हा बोटीवर होते, पावती नाही, आणि घड्याळ कधी विकले गेले नाही. ती म्हणाली, "पावती नाही म्हणजे?" मी म्हणाले, आजच्या दिवशी आपल्या घरातल्या किती वस्तूंची पावती दाखवता येईल? ती हसली नाही. पण तिने डबी माझ्याकडेच ठेवली. कलम १२३ जप्त केलेल्या मालासाठी आहे. तात्यांकडून ते घड्याळ कधीच कोणी जप्त केले नाही, आणि सरकारने जे त्यांना कधी विचारले नाही ते पन्नास वर्षांनी मी त्यांना विचारावे, असे मला वाटत नाही.

अभ्यासक्रमात वस्तूंची नोंद करायला शिकवतात, तशी एक वही मी घरातल्या वस्तूंसाठी केली आहे. त्यात काल रात्री लिहिले :

वस्तू : घड्याळाचा पट्टा, स्प्रिंगचा, सुट्या कड्या ३. द्रव्य : पोलाद, आत कापसाचे तूस, कांजी, घाम. काळ : १९६०नंतरचा, वापर बहुतांशी १९७१पासून पुढे, भिवंडी. स्थिती : एका कडीतले तूस टाचणीने काढून वेगळ्या पुडीत ठेवले आहे, पट्टा साफ करू नये. कोणाकडून आली : तात्यांकडून.